शर्यतीला कासव

माझा भाचा ओंकार बारामतीला असतो, अकरावीत आहे आणि गेले चार महिने एकच व्हिडिओ गेम खेळतोय. एकच म्हणजे खरोखर एकच. सुरू करायचा, संपवायचा, मोबाइलमधलं घड्याळ बघायचं, कपाळावर हात मारायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. भाऊबीजेला मी इंदापूरहून गेलो, तर ताईने ओवाळायच्या आधीच मला स्वयंपाकघरात ओढलं. म्हणाली, "तू एकदा बोल बाबा त्याच्याशी. रोज जिंकतंय पोरगं, पण तोंड असं की गावजेवणात पानच मिळालं नाही."

बोललो. तर कळलं की पोराला जिंकण्यात काडीचा रस नाही. त्याला लवकर जिंकायचंय. याला स्पीडरन म्हणतात. गेम सगळ्यांचा संपतो, पण कमीत कमी वेळात कोण संपवतो याची जगभर चढाओढ असते. ओंकारचा गेम म्हणजे 'पोकेमॉन रेड'. पट्टीचे खेळाडू कसलीही लबाडी न करता तो पावणेदोन तासांच्या आसपास संपवतात. आमचं पोरगं पावणेतीन तासांवर अडकलं होतं. बारामती ते पुणे जायला साधारण लागतात तेवढेच.

हा खेळ मुळात घाईचा नाहीच. सातोशी ताजिरी नावाच्या जपानी माणसाला लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. मोठेपणी त्या नादाचा त्याने खेळ केला आणि २७ फेब्रुवारी १९९६ला तो जपानात विक्रीला आला. गवतात हिंडायचं, तऱ्हेतऱ्हेची जनावरं पकडायची, पाळायची, झुंजवायची. अशी एकूण १५१ जनावरं. हिवाळ्यात आमच्या भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, पहाटे कानटोप्या घालून होडीत बसणारी पुण्याची मंडळी वेगळं काय करतात? रोहित दिसला, वहीत खूण. चित्रबलाक दिसला, खूण. पट्टकदंब हिमालय ओलांडून इथवर आला, त्याला नीट बघायच्या आधी खूण. मग किनाऱ्यावर येऊन चिलापी हाणायची. तीही एक खूणच.

स्पीडरनवाला मात्र १५१ पैकी चार-पाच जनावरं गोळा करतो आणि सुटतो. हे मला आधी पटेना. मग पंढरपूर आठवलं. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आमच्या बारामती-इंदापुरातूनच जाते. त्यातला वारकरी सगळी वाट पायी चालतो, बारीत उभा राहून पायावर डोकं ठेवतो. दुसरा एसटीने येऊन मुखदर्शन घेतो. तिसरा नामदेव पायरीला हात लावतो, आणि चौथा चंद्रभागेच्या वाळवंटातूनच कळसाला हात जोडून सहाची गाडी पकडतो. पांडुरंग चौघांनाही पावतो म्हणतात. ओंकार हा चौथ्या प्रकारचा भाविक. त्याच्या खेळात या कळसदर्शनाला 'एनी पर्सेंट' असं नाव आहे.

आता मुख्य भानगड. खेळाच्या सुरुवातीला एक प्रोफेसर टेबलावर तीन चेंडू मांडतो आणि सांगतो, यातलं एक जनावर घे. डावीकडे चारमँडर, म्हणजे शेपटीच्या टोकाला जाळ असलेला सरडा. मधे स्क्वर्टल, निळं कासव. उजवीकडे बल्बासॉर, पाठीवर गड्डा उगवलेलं बेडकासारखं काहीतरी. सारा डाव यावर असतो, असं मला वाटलं आणि घरातल्या प्रत्येकाला वाटलं. मी फक्त एवढंच विचारलं होतं, "काय घेणार?" पण बारामतीच्या घरात जेवायच्या वेळी 'काय घ्यावं' हा विषय काढायचाच नसतो. गाय घ्यावी की म्हैस, होलस्टिन की जर्सी, उस्मानाबादी शेळी की संगमनेरी, सरकारी योजनेतल्या दहा शेळ्या आणि एक बोकड घ्यावा की ती भानगडच नको, यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या पोळ्या गार झाल्यात.

दाजी एमआयडीसीत आहेत. त्यांनी तिन्ही जनावरं चष्मा वर करून पाहिली आणि विचारलं, "ॲव्हरेज कोण जास्त देतं?"

ताईला सरडा आवडला. डोळे गोड आहेत म्हणाली. त्यावर ओसरीतून तात्यांचा आवाज आला. तात्या म्हणजे ताईचे सासरे. वय एक्क्याऐंशी, कान तिखट, आणि खिलार जनावर पारखण्यात पंचक्रोशीत शब्द. ते आत आले, गेमबॉयच्या त्या काडेपेटीएवढ्या पडद्यात डोकावले आणि म्हणाले, "शेपटाला जाळ? आन् ह्ये उसाच्या फडाकडनं न्यायचं? जळीत ऊस म्हणून कारखाना पैशे कापतो, म्हाईत हाय का?"

सरडा बाद झाला.

गड्डेवाल्याबद्दल दाजी जरा अनुकूल होते, पण तात्यांनी त्याच्या पाठीकडे बोट दाखवून "ह्यो कांदाच न्हवं?" असं विचारलं आणि घरात एकदम शांतता पसरली. गेल्या साली त्यांच्या कांद्याचं जे झालं, त्यानंतर त्या घरात कांद्याच्या भरवशावर कुणी काही सुरू करेल असं वाटत नाही.

मी कासवाच्या बाजूने होतो. कारण उघड आहे, कासव पाण्याचं. आमचं शेत निरा डाव्या कालव्याच्या शेपटाला. पुरंदर पिऊन, बारामती पिऊन आवर्तन आमच्यापर्यंत येतं तेव्हा त्याला आवर्तन म्हणावं की ओल, हा प्रश्न पडतो. इंदापूरच्या माणसापुढे जाळ, पाणी आणि पाला ठेवला तर तो पाण्यावरच झडप घालणार. यात हुशारी नाही, तहान आहे.

"मामा बरोबर आहे," ओंकार म्हणाला. "सगळे रनर कासवच घेतात."

"शर्यतीला?" तात्या म्हणाले. "कासव?"

"हो."

"मंग सशे कुटं गेले?"

ओंकारने समजावलं. पहिल्या मोठ्या लढतीत ब्रॉक नावाचा पैलवान लागतो. त्याची दोन्ही जनावरं दगडाची. दगडापुढे सरड्याचा जाळ चालत नाही, नुसता धूर होतो आणि वेळ जातो. पाणी मात्र दगडाला चौपट लागतं. कासव आठव्या पातळीला पोचलं की त्याला बुडबुडे सोडता येतात, आणि बुडबुड्यांनी ब्रॉकचे दगड विरघळतात. ते आपल्या पायाने पळत नाही, पण मालकाला थांबू देत नाही. तात्यांनी यावर बराच विचार केला आणि म्हणाले, "म्हंजी गाडीवान पळणार. बैल न्हाई."

मला वाटतं हे वाक्य तिकडच्या रनर मंडळींनी लिहून भिंतीवर लावावं.

तात्या शर्यतीच्या बाबतीत बोलतात तेव्हा ऐकायचं असतं. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा त्यांच्या दावणीला एक आदत खोंड होता. आदत म्हणजे अजून दुधाचे दात न पडलेला, म्हणजे सगळं आयुष्य पुढे असलेला. १६ डिसेंबर २०२१ला परवानगी मिळाली तोवर खोंडाचा दुसा झाला, चौसा झाला, जुळला, आणि मैदान न बघताच पोक्त होऊन ओसरीपुढे रवंथ करत बसला. मे २०२३मध्ये घटनापीठाने शर्यतींवर कायमचा शिक्का मारला, त्या दिवशी तात्यांनी त्याच्या कपाळाला गुलाल लावला. साडेसात वर्षं घड्याळ चालू ठेवून ज्याने सुरुवातच केली नाही अशा रनरचं जगात दुसरं उदाहरण नसावं.

तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, तो अगदी रास्त होता. "दात बघितलं का?"

आणि गंमत अशी, की ओंकार दातच बघत होता. या खेळात प्रत्येक जनावराच्या पोटात काही छुपे गुण असतात. मारा, बचाव, वेग आणि विशेष शक्ती, प्रत्येकाला शून्य ते पंधरा. पडद्यावर ते कुठेही लिहिलेले नसतात. वरवर दोन कासवं सारखीच, पण एकात पंधरा आणि दुसऱ्यात दोन. जाणकार अंगकाठीवरून ओळखतो. कासव कमअस्सल निघालं की ओंकार गेम बंद करून पुन्हा पहिल्यापासून चालू करायचा. त्या संध्याकाळी त्याने माझ्या डोळ्यांदेखत अकरा कासवं नाकारली. ताईच्या लग्नाच्या वेळी आमच्याकडे इतकी स्थळं आलीसुद्धा नव्हती.

"खिलारात बी असंच," तात्या म्हणाले. "शिंगं, खूर, कातडं समदं ब्येस दिसतंय. आन् भोवरा नको तिथं."

खेळात एक प्रतिस्पर्धी असतो, प्रोफेसरचा सख्खा नातू. आपण आधी जनावर निवडायचं, मग तो निवडतो, आणि आपल्या जनावराला जे भारी पडेल नेमकं तेच उचलतो. आपण कासव घेतलं की तो गड्डेवालं घेणार, कारण पाला पाणी पितो. आजोबा समोर उभे असतात, हूं की चूं करत नाहीत. हे ऐकताना घरातल्या कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. भाऊबंदकी हा शब्द फक्त दाजींनी उच्चारला, आणि तोही अगदी हळू, कारण चुलत घर भिंतीपलीकडेच आहे.

मग नावाचा प्रश्न. खेळ आपल्या माणसाचं नाव विचारतो आणि त्यात सातच अक्षरं बसतात. ओंकारने एकच टाकलं, 'ए'. का, तर पुढे दोन तास हे नाव पडद्यावर येत राहणार, अक्षरं एकेक करून छापली जाणार, आणि प्रत्येक अक्षराला वेळ लागणार. त्याच हिशेबाने त्याने संवादाचा वेग वाढवला होता आणि लढाईतली चित्रांची हालचाल बंद केली होती. आता आपल्या भागात बघा. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो त्यावर माननीय, श्री, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मग कंसात भाऊ किंवा दादा, खाली युवा नेतृत्व, त्याखाली आधारस्तंभ, आणि त्याखाली शुभेच्छुकांचे बावीस गोल फोटो. असल्या नावाचा माणूस खेळात उतरला, तर पहिला पैलवान आव्हान देईस्तोवर गाळप हंगाम संपेल.

कासव अखेर बारावं पास झालं. ओंकार त्याला घेऊन निघाला, आणि पुढच्या गावाबाहेर गवताच्या एका तुकड्यापाशी अचानक थबकला. तोंडाने आकडे मोजू लागला. एका ठरलेल्या क्षणी बटण दाबलं, दोन पावलं टाकली, पुन्हा ठरलेल्या क्षणी दाबलं. म्हणाला, "इथे योग्य वेळ साधली तर हवं ते जनावर हव्या त्या गुणांचं मिळतं. एका सेकंदाचे साठ भाग. त्यातल्या नेमक्या भागात बोट पडलं पाहिजे."

"मंजी मुहूर्त," तात्या म्हणाले.

मुहूर्तच की. आपल्या पंचांगात घटका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचं आणि विपळ दोन पंचमांश सेकंदाचं. त्या एका विपळात ओंकारच्या खेळाचे चोवीस भाग बसतात. हे गणित मी तिथेच पाटावर केलं आणि मोठ्याने सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही. लग्नात अक्षता पडताना भटजी मुहूर्त साधतात तो किती ढोबळ असतो, एवढंच मला सुचवायचं होतं.

ओंकारचा मुहूर्त मात्र हुकला. मग तो गवतात गोल गोल फिरू लागला, काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्या रिंगण धरतात तसा. उंदीर निघाला, पळाला. पुन्हा उंदीर. आणि एकदम सशाएवढं एक जांभळट जनावर पुढ्यात उभं राहिलं, मोठे कान, कपाळावर शिंग. ओंकार काही बोलायच्या आत तात्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"ह्ये घे."

"तात्या, तुम्हाला कसं कळलं?"

"शिंग बघ की त्याचं! आन् कान कसं टवकारल्यात. ह्यो पळणार."

जनावराचं नाव निडोरन. आणि जगातल्या झाडून सगळ्या पट्टीच्या रनरांचं मत तात्यांसारखंच आहे. टेबलावरच्या तीन जनावरांवर आम्ही जेवण गार केलं, पण हा खेळ त्या तिघांतलं कुणीच जिंकून देत नाही. जिंकून देतं ते रस्त्याकडेच्या गवतातलं, कुणी न मांडलेलं, फुकट सापडलेलं हे शिंगवालं पोर. सोळाव्या पातळीला ते थोराड होतं, डोंगरातल्या बोगद्यात सापडणारा चंद्रमणी त्याला दिला की निडोकिंग होतं. मग त्याला विजेचा, बर्फाचा, भूकंपाचा असे वाटेल ते डाव शिकवता येतात. शेवटी शेवटी तर त्याला एक औषध पाजायचं, की त्याचा शिंगाचा घाव चुकतच नाही, आणि तो पुढच्यापेक्षा चपळ असेल तर एका घावात पुढचा आडवा. औषधाचं ऐकून तात्यांच्या कपाळाला आठी पडली. बैलाला काही पाजून पळवणाऱ्यांबद्दल त्यांचं मत छापण्यासारखं नाही. पण ओंकार म्हणाला इथे नियमात बसतं, आणि ते गप्प राहिले.

"आन् कासव?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

कासवाने ब्रॉकचे दगड फोडले आणि त्यानंतर त्याला कुणी लढायला बाहेर काढलं नाही. ते अजून संघात होतं, पण कामासाठी. पुढे समुद्र लागला की सगळ्यांना पाठीवर घेऊन पोहत न्यायचं. वाटेत धोंडा आडवा आला की ढकलायचा. एवढं झालं की पुन्हा चेंडूत. पातळी दहा. शिंगवाल्याची तोवर पन्नासच्या घरात.

तात्या काही बोलले नाहीत. ताईने माझ्याकडे बघितलं. तात्या पाच भावांत थोरले. वयाच्या सतराव्या वर्षी कारखान्यात वजनकाट्यावर लागले. धाकट्यांपैकी एक इंजिनिअर झाला, एक पुण्यात डॉक्टर आहे, एक अमेरिकेत, आणि चौथा भिंतीपलीकडे.

मधे दाजींनी एक माहिती पुरवली, जी त्यांनी मुलाकडूनच कधीतरी ऐकली होती. लबाडी चालत असेल तर हा गेम अवघ्या काही मिनिटांत संपतो म्हणे. खेळ जतन होत असतानाच यंत्र बंद करायचं, त्याच्या डोक्यात घोळ होतो, तो समजतो आपल्याकडे २५५ जनावरं आहेत, मग याद्यांची थोडी उलटापालट करायची आणि घराबाहेर पडायचं. घराचा उंबरा ओलांडला की थेट शेवटचं दालन. विजेत्याच्या पंगतीत. पैलवान नाही, गवत नाही, कासव नाही. घराच्या दारातून पाऊल टाकायचं की पदावर. आम्ही बारामतीत बसलो होतो, त्यामुळे यावर कुणी काही बोललं नाही. दाजींनी सुपारी कातरायला घेतली.

रात्री साडेअकराला ओंकार खेळातल्या शेवटच्या चौघा पैलवानांपाशी पोचला. आम्ही सगळे झोपायचं सोडून त्या काडेपेटीभोवती डोकी जोडून बसलो होतो. ताई, जिने मला 'बोल त्याच्याशी' म्हणून सांगितलं होतं, ती सगळ्यात पुढे. शिंगवाल्याने एकेकाला उचलून आपटलं. शेवटी प्रोफेसरचा नातू. "दे, दे, भाऊबंदाला दे!" असं कोण ओरडलं ते मी सांगणार नाही, फक्त त्या वेळी भिंतीपलीकडे दिवा लागला.

संपलं. ओंकारने घड्याळ थांबवलं. दोन तास एकतीस मिनिटं. चौदा मिनिटं वाचली होती. पोराने उडी मारली, दाजींनी त्याच्या पाठीवर थाप दिली, आणि त्याने पुढच्या डावासाठी गेम बंद करायला बोट नेलं.

"थांब," तात्या म्हणाले.

"तात्या, संपलं. वेळ घेतला मी. आता नुसते फोटो दाखवतात."

"दाखवू दे."

पडद्यावर निडोकिंग आला, नाव, पातळी, सगळं डौलात. सत्काराच्या स्टेजवर येतात तसा. तो गेला. मग कुठला तरी पक्षी आला, ज्याच्या पाठीवरून हे लोक उडत गेले होते. गेला. ओंकारचं बोट बटणावर वळवळत होतं.

"जरा दम धर," तात्या पुढे सरकून बसत म्हणाले. "थोरला यायचाय अजून."

आणि निळं कासव आलं. पातळी दहा.

तात्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि ते पार जाईस्तोवर बघत राहिले. मग उठले, म्हणाले, "रातची लाइट आली आसंल, मोटर चालू करून येतो," आणि बॅटरी घेऊन अंधारात कालव्याकडे निघून गेले.

ओंकारने नवा गेम सुरू केला. टेबलावर तीन चेंडू. नाव टाकलं 'ए', आणि मधल्या चेंडूवर गेला.

"याचं नाव काय ठेवू?" त्याने विचारलं.

"एकच अक्षर ठेव ना," मी म्हणालो. "नाहीतर वेळ जाईल."

त्याने थोडा विचार केला आणि दोन ठेवली.

"आज सराव आहे," तो म्हणाला.

ता. त्या.

बाराव्या कासवाला हे नाव मिळालं असतं तर बरं, असं मला वाटत होतं, पण ते तेरावं होतं, आणि वेगात फक्त तीन निघालं. ओंकारने ते बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंदापूरला निघालो तेव्हा तो दोन तास छप्पन्नवर होता आणि तोंड जरा बरं दिसत होतं.